गाडी काढायची, प्रदर्शन गाठायचं की घरबसल्या मागवायचं? हाताने दागिने घडवणाऱ्यांसाठी

लॅब्राडोराइट हा झळाळणारा खडा फोटोवरून घेऊ नये, हे मला सात खडे परत पाठवल्यावर कळलं. फोटोत सातही खडे निळे झगमगत होते. हातात आल्यावर बघते तर त्यातल्या पाचांची झळाळी तिरकं धरल्याशिवाय दिसेना. गळ्यात घातले असते तर राखाडी दगड लटकवल्यासारखं वाटलं असतं. विकणाऱ्याने फसवलं होतं असं नाही. या दगडाच्या पोटात अतिशय पातळ थर असतात, त्यांच्यावरून परतणारा उजेड ठरावीक कोनातूनच दिसतो आणि फोटो काढणाऱ्याने नेमका तोच कोन पकडला होता. गंमत म्हणजे त्याच आठवड्यात तशीच घरबसल्या मागवलेली चांदीची तार हवी होती तशीच आली.

माल संपत आला की पुढे तीन वाटा असतात. एक, गाडी काढून चार-सहा दिवस फिरायचं, ओळखीच्या कारागिरांकडे थांबायचं, दगड कापणाऱ्यांकडून आणि काचेचे मणी करणाऱ्यांकडून थेट माल घ्यायचा. दोन, एखादं मोठं रत्न-मण्यांचं प्रदर्शन गाठायचं. तीन, जागचं न हलता मागवायचं. मी तिन्ही करून पाहिलं आहे, तिन्हींत पैसे घालवले आहेत. माझा कल कुठे आहे ते लपवणार नाही, पण तो सगळ्या मालाला सारखा लागू नाही.

धातूसाठी गाडी काढू नका

चांदी हजार भागांत ९२५ असेल तर ती स्टर्लिंग. उरलेले ७५ भाग बहुतेक तांबं. शुद्ध चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, स्टर्लिंग त्याच्या बरंच आधी, ८०० अंशांच्या थोडं वर वितळायला लागते. या गोष्टी डोळ्यांनी पाहून कळत नाहीत आणि हात लावूनही नाही. शुद्धता लेखी देणारा, चुकीचा माल परत घेणारा विक्रेता मिळाला की तारेसाठी, पत्र्यासाठी, डाखासाठी प्रवास करायचं काहीच कारण उरत नाही. जागेचाही प्रश्न नाही. चांदी इतकी जड असते की एक किलोचा तुकडा १०० घन सेंटिमीटरही भरत नाही, मुठीत मावतो. त्यासाठी डिकी कशाला?

काही जण लोहचुंबक खिशात घेऊन फिरतात. चुंबकाने लोखंड-पोलाद पकडलं जाईल, बाकी फारसं काही नाही. चांदीचा मुलामा दिलेलं तांबं किंवा पितळही चुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे ‘चिकटलं नाही म्हणजे चांदी’ हा हिशेब चुकीचा.

घरबसल्या मागवताना खरा घोळ होतो तो गेजमध्ये. तारेची जाडी गेजमध्ये सांगायच्या दोन पद्धती चालतात, अमेरिकन आणि ब्रिटिश, आणि दोन्हींचे आकडे दिसायला सारखेच. अमेरिकन २० गेजची तार ०.८१ मिलिमीटर, ब्रिटिश २० गेजची ०.९१. १८ गेजला तर एक १.०२ आणि दुसरी १.२२. कागदावर फरक किरकोळ वाटतो, पण कानातल्याच्या आकड्यासाठी ०.८१ ची तार आरामात चालते आणि ०.९१ ची काहींच्या कानाच्या भोकात अडते. मी एकदा अख्खं रीळ चुकीचं घेतलं आणि वर्षभर त्याच्या साखळीच्या कड्या करत बसले. तेव्हापासून मागवताना गेज लिहितच नाही, मिलिमीटरच लिहिते. समोर जाऊन घेतलं असतं तर कॅलिपर (जाडी मोजायचं हत्यार) लावून हे तिथल्या तिथे कळलं असतं, हे मान्य. पण त्यासाठी दोनशे किलोमीटर जायचं नाही.

खडे आणि मणी: इथे मात्र स्वतः जा

फिरोज्यापासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त फसगत त्यातच होते. हाउलाइट आणि मॅग्नेसाइट हे पांढरे, सच्छिद्र दगड निळे रंगवून फिरोजा म्हणून सर्रास विकले जातात. त्यांच्यातल्या राखाडी रेषाही फिरोज्यातल्या जाळीसारख्या दिसतात. खरा फिरोजाही बऱ्याचदा राळ मुरवून टणक केलेला असतो. त्यात गैर काही नाही, नाहीतर मऊ दगड घडवताना भुगा होतो, पण ते सांगून विकायला हवं. ॲरिझोनातल्या स्लीपिंग ब्यूटी खाणीत फिरोजा काढणं २०१२ मध्ये थांबलं. आजही त्या नावाने कितीतरी माल विकायला असतो. त्यातला जुना साठा कुठला आणि नुसतं नाव कुठलं, हे फोटो सांगू शकत नाही. दगड कापणाऱ्याच्या घरी गेलात तर तो तुकडा ज्या मोठ्या दगडातून निघाला तो दाखवतो, कापताना उरलेल्या चकत्या दाखवतो. ताज्या कापलेल्या बाजूला रंग आतपर्यंत आहे की सालीपुरता, हे एका नजरेत कळतं.

रंग दिलेला लाजवर्द (लॅपिस लाझुली हा निळा दगड) ओळखायला ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापूस मागच्या बाजूला घासून बघतात. निळा डाग आला तर संशय पक्का. मात्र आधी विचारा. दुसऱ्याच्या मालावर न विचारता ॲसिटोन लावणाऱ्याला पुढच्या वेळी चहा मिळत नाही. प्रदर्शनात तर ही परवानगी सहसा मिळतच नाही, मागे रांग खोळंबलेली असते.

ओपल पाण्याच्या बाटलीत ठेवून दाखवत असतील तर बाहेर काढून सुकू द्यायला सांगा. पाण्यात बारीक तडे लपतात, रंग खुलतात. इथिओपियातले बरेच ओपल तर पाणी शोषून घेतात. ओले असताना काचेसारखे आरपार होतात आणि सुकले की पुन्हा पूर्वीसारखे दिसतात. सुकायला कित्येक तास, कधी दिवसही जातात. प्रदर्शनात एवढा वेळ कुणाकडे आहे? मुक्कामी गेलात तर ओपल रात्रभर कागदावर ठेवून सकाळी बघता येतो. माझ्यासाठी गाडीच्या बाजूने हा सर्वांत मोठा मुद्दा आहे: तिथे घाई नसते.

जोड्यांचंही तेच. कानातल्यांसाठी दोन खडे रंगाने, आकाराने, उंचीने जुळावे लागतात. घरबसल्या मागवताना जोडी म्हणून जे येतं त्यात बऱ्याचदा एक मोठा भाऊ आणि एक धाकटा असतो. समोर बसून दीडशे खड्यांच्या ढिगातून आठ जोड्या काढायला मला एक अख्खी दुपार लागली होती. त्या आठही वापरल्या गेल्या.

मण्यांमध्ये भोक बघा, रंग नंतर. ६ मिलिमीटरच्या मण्यांच्या ४० सेंटिमीटरच्या माळेत साधारण ६५ मणी असतात. त्यातल्या दहांची भोकं तिरकी किंवा कडेला खरखरीत असली तर दोरा कापला जातो, आणि तोही गिऱ्हाइकाच्या गळ्यात. वापरता तीच तार किंवा दोरा सोबत न्या आणि माळेच्या मधल्या चार-पाच मण्यांतून घालून बघा. टोकाचे मणी बघू नका, टोकाला चांगलेच लावलेले असतात.

आणि उजेड. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली गार्नेट पेटून उठतो आणि बाहेर आणल्यावर जांभळट काळा होतो. दारापर्यंत न्या, पांढऱ्या कागदावर ठेवा, सावलीत बघा. प्रदर्शनाच्या मांडवात हे शक्यच नसतं.

मग प्रदर्शन कुणासाठी?

प्रदर्शनाला मी नाक मुरडते असं वाटेल, पण एका बाबतीत त्याला तोड नाही: एका दिवसात शंभर विक्रेत्यांचे भाव आणि दर्जा डोळ्यांखालून जातात. अमेरिकेत टूसॉनला दरवर्षी जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत शहरभर एकाच वेळी कित्येक प्रदर्शनं भरतात. एवढा मोठा बाजार बाजूला ठेवला तरी मध्यम आकाराच्या प्रदर्शनातही नवख्या माणसाला दोन वर्षांचं शिक्षण मिळतं. चांगला आणि सामान्य खडा शेजारी शेजारी ठेवून बघितल्याशिवाय पारख येत नाही.

तोटा म्हणाल तर डोळे दमतात. तिसऱ्या तासानंतर सगळंच सुंदर दिसायला लागतं आणि जे सर्वांत जास्त चमकतं ते पिशवीत जातं. माझ्याकडे न वापरलेल्या खड्यांचा एक डबा आहे. त्यातला बहुतेक माल दुपारी चारनंतर घेतलेला आहे.

कारागिरांच्या भेटी आणि व्हिडिओ

इथे तुलना प्रदर्शनाशी नाही, पडद्याशी आहे. शिकवणारे व्हिडिओ वाईट नसतात, मीही त्यातूनच शिकले. पण चांदी तापवून नरम करताना तिला कितपत लाली यायला हवी, हे कॅमेऱ्यातून कळत नाही. कॅमेरा उजेड आपल्या मर्जीने कमी-जास्त करतो आणि ती मंद लाली तर अंधाऱ्या कोपऱ्यातच दिसते. एका ज्येष्ठ कारागिराने मला दिवा बंद करून ते दाखवलं. शिवाय पत्र्यावर मार्करने रेघ मारून ठेवायला सांगितलं. रेघ उडाली की आच काढायची. पाच मिनिटांचं काम, पण माझे किती पत्रे वितळायचे वाचले! सोनारानेच कान टोचलेले बरे म्हणतात ते यासाठीच.

दुसरं, माणूस आपल्या चुका बघतो. व्हिडिओतला शिक्षक मी काय करते ते बघत नाही. तापवलेली चांदी साफ करायच्या, आधी वापरून झालेल्या आम्लाच्या पाण्यात मी पोलादी चिमटा घालायला निघाले तेव्हा यजमानीण बाईंनी हातच धरला: आम्लात उतरलेलं तांबं पोलादामुळे चांदीवर चढतं आणि दागिना गुलाबी होतो. तिथे तांब्याचा किंवा प्लास्टिकचाच चिमटा हवा.

भेटींचे काही संकेत आहेत. प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात कुणाकडे धडकू नका. न विचारता कामाच्या टेबलाचे फोटो काढू नका, आणि बघितलेली नक्षी घरी येऊन ‘सुचली’ म्हणू नका. रिकाम्या हाताने जाऊ नका. आपल्याकडे जास्त झालेले मणी किंवा तार नेली तर अदलाबदल होते, आणि अदलाबदलीत जे मिळतं ते विकत मिळत नाही. निवृत्त होणाऱ्या कारागिराचा रोलिंग मिल (पत्रा आणि तार दाबून पातळ करायचं यंत्र) किंवा वर्षानुवर्षं हाताळून गुळगुळीत झालेली ऐरण अशाच गप्पांतून कळते. अशा वस्तूंची जाहिरात होत नाही.

नव्या हत्यारांबाबत माझा सोपा नियम आहे: मित्राकडे वापरून बघायचं, घरी येऊन मागवायचं. हातोडीचं वजन आणि पकडीची मूठ हातालाच कळते; एकदा कळली की पुढे नग सारखेच असतात.

गाडीत काय ठेवायचं नाही

उन्हात बंद गाडी म्हणजे मंद भट्टी. न भाजलेली पॉलिमर क्ले त्यात कडक होऊ लागते, मेणाचे नमुने वाकतात, ओपल तडकू शकतो, डिंकाने बसवलेले मोती सुटू शकतात. गॅसचा सिलिंडर तर गाडीत घेऊच नका. तुम्हाला जोडकाम दाखवायचं असेल तर यजमानांचा टॉर्च असतो. जड आणि मोठा माल, म्हणजे दगडांच्या चकत्या, काचेच्या कांड्या, ऐरणीखालचा लाकडी ओंडका, यासाठी मात्र गाडीला पर्याय नाही. पार्सलने आलेल्या काचेच्या कांड्यांचे तुकडे मोजत बसण्यापेक्षा त्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून मागच्या सीटवर घातलेल्या बऱ्या. काच घेताना तिचा प्रसरणांक, म्हणजे तापल्यावर ती किती फुगते तो आकडा, नक्की विचारा. मऊ काच बहुधा १०४ ची असते, बोरोसिलिकेट ३३ ची. दोन्ही एका मण्यात वितळवल्या तर मणी गार होताना तडकतो, आणि दिसायला दोन्ही कांड्या सारख्याच असू शकतात.

सोबत १० पट मोठं दाखवणारं भिंग, कॅलिपर, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा आणि खड्यांविना तयार असलेली दोन-तीन कोंदणं न्या. काटा अशासाठी की कुणी कॅरटमध्ये भाव सांगतं, कुणी ग्रॅममध्ये. एका ग्रॅमचे पाच कॅरट. रिकामी कोंदणं अशासाठी की त्यात बसतील असे खडे घेतले तर ते डब्यात पडून राहत नाहीत. मौल्यवान माल रात्री गाडीत ठेवू नका, आणि कुठे फिरताय याची छायाचित्रं घरी परतल्यावरच टाका.

हिशेब

गाडीचा खर्च म्हणजे फक्त इंधन नाही. मुक्काम धरा आणि टेबलापासून दूर गेलेले दिवसही धरा. त्या दिवसांत तुम्ही काहीच घडवत नाही. माझा अंदाज असा: प्रवासाचा सगळा खर्च खरेदीच्या चौथ्या हिश्शाच्या आत बसत असेल तर माल म्हणूनही फेरी परवडते. त्याच्या वर गेला तर ती शिकण्याची फी समजायची. वर्षातून एकदा ती फी मी आनंदाने भरते, दोनदा नाही.

तुम्ही मुख्यतः तारेचं आणि पत्र्याचं काम करत असाल, खडा क्वचित लावत असाल, तर गाडी विसरा. मागवा आणि वाचलेले दिवस कामाला लावा. नुकती सुरुवात असेल आणि खडा हातात घेऊन काय बघायचं हेच कळत नसेल तर आधी एक प्रदर्शन करा, फार थोडे पैसे नेऊन. खडा हाच तुमच्या कामाचा जीव असेल आणि दोन-तीन ओळखीचे कारागीर वाटेवर असतील, तर पहिली फेरी दोन दिवसांचीच आखा, एका दिवसात दोनपेक्षा जास्त ठिकाणं नकोत.

घेतलेल्या प्रत्येक पुडीवर तिथेच लिहा: नाव, कुणाकडून, रंगवलेला की नैसर्गिक, राळ मुरवलेला की नाही. माझ्याकडे हिरव्या खड्यांची एक पुडी चार वर्षं पडून आहे. तिच्यावर फक्त ‘मस्त’ असं लिहिलेलं आहे.