सीट न उचलता बदललेला फ्युएल पंप

आमची गाडी २००९ ची, पेट्रोलची. गेल्या वर्षी १५ वर्षं भरली तेव्हा आरटीओत रीपासिंग करून तिला आणखी ५ वर्षं मिळवली. खोड एकच होती, पेट्रोलचा काटा. टाकी फुल असो नाहीतर कोरडी, काटा पाव टाकीपाशी घुटमळणार. "तो नीट करायचा तर टाकीतली पंपाची असेंब्लीच बदलावी लागेल, काका," असं आमच्या नेहमीच्या मिस्त्रीने दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, आणि मी तेव्हापासून चालढकल करत होतो. हा काटा पुढे साक्षीदार झाला, म्हणून आधी सांगितलं.

मे महिन्यातला रविवार. साताऱ्याचं लग्न उरकून निघालो होतो. मागच्या सीटवर ७८ वर्षांची आई, शेजारी बायको. खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडून कात्रजच्या नव्या बोगद्याच्या चढाला लागलो आणि गाडीने दोन आचके देऊन मान टाकली. सेल्फ मारला की स्टार्टर फिरायचा, इंजिन पकडायचं नाही. मागून ट्रकांचे हॉर्न, आईचा जप सुरू.

पाच मिनिटांत एक मोटरसायकलवाला थांबला. मदतीला धावून येणाऱ्यावर संशय घ्यायचा आपला स्वभाव नाही, आणि डोक्यावर ऊन असताना तर नाहीच. त्याने किल्ली नुसती 'ऑन'ला नेली, मागे कान देऊन ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाला, "पंप गेला साहेब. आवाजच नाही. ते नवीन पेट्रोल येतंय ना, इथेनॉलवालं, त्याने जुन्या गाड्यांचे पंप पटापट जातायत." जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि सील यांच्याबद्दल मीही कुठेतरी वाचलं होतं, त्यामुळे पटलं. अर्ध्या खऱ्या गोष्टीला माणूस लवकर फसतो. हायवेवर मदतीसाठी १०३३ नंबर असतो हे मला घरी आल्यावर आठवलं.

टोचन करून गाडी त्याच्या 'ओळखीच्या' गॅरेजवर नेली. पत्र्याची शेड, बाहेर टायर टांगलेले, पाटी नाही. मालक अगदी अदबशीर. "आजींना इथे उकाड्यात कशाला? समोर हॉटेलात बसा, मी हाक मारतो." आम्ही दीड तास हॉटेलात बसलो. आता वाटतं, सगळा खेळ त्या दीड तासाचाच होता.

परत आलो तेव्हा गाडी सुरू होती. मालकाने वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक काळाकुट्ट पंप दाखवला. "हा तुमचा. बघा कसा जळालाय." त्याच्या बुडाला पांढऱ्या पेंटचा एक फराटा होता, तो का कोण जाणे लक्षात राहिला. बिल असं: पंप असेंब्ली ७,८००, टाकी सफाई १,२००, मजुरी १,८००, टोचन ६००. एकूण ११,४००. मी फोनवरून पैसे पाठवले तर नाव भलत्याच बाईचं आलं. "मिसेसचं अकाउंट आहे," म्हणाला. पावती कच्ची, वर नुसतं 'कॅश मेमो' छापलेलं.

रात्री घरी आल्यावर बायकोने विचारलं, "असेंब्ली नवी टाकली ना? मग काटा तसाच कसा?"

मी म्हटलं, वायरिंगचा काही प्रॉब्लेम असेल. ती गप्प बसली, म्हणजे तिला पटलं नव्हतं. थोड्या वेळाने दुसरा मुद्दा आला. टाकी उघडली की गाडीत पेट्रोलचा वास दिवसभर जात नाही. आमच्या आईला तो वास अजिबात सोसत नाही, पंपावर उभं राहिलं तरी तिला मळमळतं. त्या दिवशी ती घरापर्यंत खारे शेंगदाणे खात आली होती. शिवाय सकाळीच साताऱ्यात २,००० चं पेट्रोल भरलं होतं. टाकी साफ केली तर ते काढून ठेवलं कशात?

दुसऱ्या दिवशी गाडी मिस्त्रीकडे नेली. आमच्या गाडीत पंप टाकीच्या आत असतो आणि त्याचं झाकण मागच्या सीटखाली. म्हणजे पंप बदलायचा तर सीट उचलावीच लागते. मिस्त्रीने बसकण ओढून वर केली आणि हसायलाच लागला. खाली दिवाळीच्या चिवड्यातले डाळं-शेंगदाणे, मुलीची कधीची हरवलेली केसांची पिन, सिंहगडाच्या पार्किंगची पावती, आणि सगळ्यावर सारखा पसरलेला धुळीचा थर. झाकणाचे स्क्रू गंजून पत्र्याला धरलेले. त्यांना कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं. मी आधी धुळीसकट फोटो काढले, मगच त्याला हात लावू दिला.

मग त्याने बॉनेट उघडलं, फ्यूजबॉक्सचं झाकण काढलं. ओळीने बसलेल्या रिले, म्हणजे करंट चालू-बंद करणारे छोटे स्विच, सगळ्या धुरकटलेल्या, आणि त्यातली एकच नवी कोरी, काळी चकचकीत. "ही पंपाची रिले. एवढीच बदललीय त्यांनी. पंप तुमचा जुनाच आहे काका, आणि चांगला आहे." नाना पेठेत ती रिले २८० रुपयांना मिळते.

त्याने समजावलं ते असं. किल्ली 'ऑन' केली की इंजिन सुरू व्हायच्या आधी मागून दोन-तीन सेकंद बारीक घूं आवाज यायला हवा. पंप लाइनमध्ये प्रेशर भरत असतो. आवाज आला नाही म्हणजे पंपच गेला असं नाही. आधी फ्यूज बघायचा, मग रिले, मग पंपापर्यंत करंट पोचतोय का ते टेस्टरने, अर्थिंग गंजलंय का ते, आणि हे सगळं ठीक निघालं तरच पंप. रिलेचे पॉइंट जळाले की ती गरम झाल्यावर दगा देते आणि थंड झाली की परत चालते, म्हणून बहुधा चढावर, उन्हातच गाडी बंद पडते. त्याच बॉक्समध्ये त्याच नंबरची दुसरी रिले असेल, बऱ्याच गाड्यांत हॉर्नची असते, तर ती काढून पंपाच्या जागी लावून बघायची. दोन मिनिटांचं काम, पाना लागत नाही. मला जाता जाता तंबीही दिली: काटा खोटा आहे म्हणून टाकी तळाला जाऊ देऊ नका, पंप पेट्रोलात बुडूनच थंड राहतो, कोरडा चालला तर खरंच जळेल.

गुरुवारी फोटो घेऊन त्या शेडवर गेलो. मालकाचा पहिला पवित्रा, "काम पोराने केलं, तो गावाला गेलाय." दुसरा, "तुम्ही बाहेर गाडी उघडलीत, आता आमची गॅरंटी नाही." मी बोलत होतो आणि नजर मागच्या फळीवर गेली. वर्तमानपत्रातून डोकावणारा काळा पंप, बुडाला पांढरा फराटा. 'आमचा' जळालेला पंप पुढच्या गिऱ्हाईकाची वाट बघत बसला होता. मोबाइल काढून त्याचाही फोटो घेतला, तेव्हा मात्र आवाज खाली आला.

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन लावला. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला ग्राहक आयोगात तक्रारीची फी लागत नाही हेही मला ठाऊक होतं. पण तक्रारीत समोरच्याचं नाव-पत्ता लागतो, आणि माझ्याकडे होता एक बिननावाचा कॅश मेमो आणि कुणा बाईचं खातं. पक्कं बिल घेतलं असतं, जुना पार्ट ताब्यात मागितला असता, सीट उचलताना तिथे उभा राहिलो असतो तर गोष्ट वेगळी होती. हॉटेलातला चहा मला चांगलाच महाग पडला.

तरी फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवून आठ दिवस पिच्छा पुरवला. एका रात्री त्याच बाईच्या खात्यातून ५,००० आले. उरलेल्या ६,४०० चं विचारलं, तर सकाळपासून माझा नंबर ब्लॉक आहे.