सीलपॅक डिस्कचे एकवीस हजार तास

घरच्या सर्व्हरवर माझा झेडएफएस या फाइल सिस्टमचा पूल (डिस्क एकत्र जोडून केलेला साठा) आहे, ४ टीबीच्या दोन डिस्कचा मिरर, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. बाबांनी काढलेले फोटो, लग्नाचे व्हिडिओ, सगळं त्यातच. जागा संपत आली म्हणून १६ टीबीच्या दोन डिस्क घ्यायचं ठरवलं. लॅमिंग्टन रोडला भाव काढले, पण ऑनलाइन एकाकडे जोडीमागे सात हजार कमी पडत होते. "दादा, सीलपॅक माल आहे. बिल हवं असेल तर अठरा टक्के वर." मी बिल सोडलं. वर जुन्या डिस्क तो एक्सचेंजमध्ये घेणार होता.

स्मार्टची नोंद (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती) पाहिली तर चालू तास: ३. खूश होऊन पहिली डिस्क बदलली. रिसिल्व्हर (नव्या डिस्कवर डेटाची प्रत करणं) बिनबोभाट पूर्ण झालं आणि जुनी डिस्क त्याच्या माणसाला दिलीसुद्धा, न पुसता! (ती धाकधूक अजून आहे.) डब्यात खाचा दोनच, म्हणून दुसरी जुनी काढून तिच्या जागी नवी लावली. आता सगळा डेटा पहिल्या नव्या डिस्कवर, आणि तिनेच मध्यरात्री रीड एरर द्यायला सुरुवात केली. पूलची स्थिती दाखवणाऱ्या झेडपूल स्टेटस या कमांडमध्ये खराब फायलींची यादी वाढत होती. काढलेली डिस्क टेबलावरच होती म्हणून निभावलं. ती परत जोडली, पूलने ओळखली, स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणं) केल्यावर फायली दुरुस्त झाल्या.

मग शोधाशोध केली. स्मार्टचे आकडे शून्यावर आणता येतात. सीगेटच्या डिस्कमध्ये मात्र 'फार्म' नावाची वेगळी नोंद असते. या नोंदी वाचणाऱ्या स्मार्टसीटीएल या प्रोग्रामची ७.४ किंवा पुढची आवृत्ती घेऊन 'उणे एल फार्म' हा पर्याय दिला की ती दिसते. माझ्या डिस्कवर २१,४०० तास होते, म्हणजे जवळजवळ अडीच वर्षं अखंड. दुसरीवर १९ हजार. २०२५च्या सुरुवातीला जर्मनीत असाच माल नवा म्हणून विकल्याचं उघडकीला आलं होतं. तो डिस्कवरच्या जागेच्या जोरावर मिळवल्या जाणाऱ्या चिया या क्रिप्टो चलनासाठी राबवलेला असावा, असा संशय होता. कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकला असता तरी वॉरंटी मला लागू नाही हे आधीच कळलं असतं. दोन मिनिटांचं काम.

विक्रेता म्हणाला, "सात दिवसांची रिप्लेसमेंट होती, आज नववा." १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. त्यांनी पहिल्यांदा बिलच मागितलं.

सध्या जुनी ४ टीबीची डिस्क आणि त्यातल्या त्यात बरी असलेली १६ टीबीची, असा मिरर चालू आहे. मिररची जागा लहान डिस्कएवढीच, त्यामुळे पूल अजून ४ टीबीचाच आहे.