रंकाळ्याच्या फेऱ्या की जोतिबाचा डोंगर?

आमच्या आत्याच्या केमोच्या काळात दवाखान्याच्या बाकावर बसून ठरवलं होतं, कॅन्सर संशोधनासाठी निधी गोळा करायचा आणि त्यासाठी कळसूबाई चढायचं. १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर. प्रश्न होता सराव कुठं करायचा.

रंकाळा घरापासून जवळ. पहाटे साडेपाचला निघायचं, फेऱ्या मारायच्या, आठच्या आत घरी. दम वाढतो, रोजची सवय लागते, आणि गुडघे नाजूक असतील तर सुरुवात इथंच करावी. पण वाट सपाट आहे, ती मांड्यांना चढ शिकवत नाही.

जोतिबाला मात्र गायमुखाकडून पायी चढायचं. पाठीवर सॅक, त्यात पाण्याच्या लिटरच्या पाच बाटल्या, म्हणजे पाच किलो वजन. पहिल्या रविवारी मी तीनदा टेकलो. पायऱ्यांच्या सांध्यात गुलाल साचलेला असतो, तो बुटांच्या तळव्यांना घरापर्यंत येतो. खरी परीक्षा उतरताना होते बघा: मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जीव जातो. कळसूबाईला लोखंडी शिड्या आहेत, बारी गावापर्यंत परत उतरायचंही आहे. ती तयारी डोंगरच करून घेतो.

म्हणून माझं मत जोतिबाकडं, पण आठवड्यातून एकदाच. बाकीचे चार दिवस रंकाळा. आत्या आता पदपथाच्या बाकापर्यंत माझ्याबरोबर येते.