आजोबांचं सांबर, शेकरू आणि ठाण्याचा पावसाळा: फ्रीजर, व्हॅक्यूम आणि डीह्युमिडिफायर, नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मार्चमध्ये दिवाणखान्याच्या खिडकीच्या कट्ट्यावर तिळाएवढे ठिपकेदार भुंगे मरून पडलेले दिसले. आई म्हणाली, "डाळीतले असतील." सगळे डबे उपसले, काही नाही. मग भिंतीकडे लक्ष गेलं. भुसा भरलेल्या शेकरूच्या शेपटीखाली बारीक पूड आणि केसाळ अळ्यांच्या काती पडल्या होत्या. पोटावर रुपयाएवढं टक्कल. हे भुंगे मोठे झाले की उजेडाकडे जातात, म्हणून मरतात खिडकीपाशी. केस आणि कातडं खातात त्या अळ्या, आणि त्या अंधारातच असतात.

आजोबा डहाणूकडे लाकडाच्या वखारीत मुनीम होते. सांबराचं मुंडकं आणि हे शेकरू त्यांना तिथेच भेट मिळालं, १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या कितीतरी आधी. मालकीचं प्रमाणपत्र घरात आहे. आजोबा २००८ साली गेले, तेव्हा आईने वारस म्हणून ९० दिवसांच्या आत वनखात्याकडे रीतसर कळवलं. तुमच्याकडे असं काही असेल तर ब्रश घेण्याआधी तो कागद शोधा.

नौपाड्यातल्या जुन्या कौलारू घरात वारा खेळायचा, तिथे दोघं टिकली. आता आम्ही नव्या इमारतीत सातव्या मजल्यावर आहोत, आणि पावसाळ्यात खिडक्या बंद. घरातली समजूत अशी की आत विष लावलेलं आहे, कसर लागणार नाही. विष खरंच असतं. त्या काळी कातड्याला सर्रास आर्सेनिकचा साबण लावत. पण तो लावत आतल्या बाजूने, बाहेरच्या केसांना त्याचं फारसं संरक्षण नाही. माणसाला मात्र धोका आहेच. मी तपासणी केलेली नाही, विष आहे असं धरूनच चालते. नायट्राइलचे हातमोजे, एन-९५ मास्क, आणि भाचरं खोलीबाहेर.

पहिली खरेदी जुना आडवा डीप फ्रीजर. शेकरू जाड पॉलिथीनमध्ये दोनदा गुंडाळलं, हवा दाबून काढली, टेप लावली. उणे २० अंशांवर दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस तशीच ठेवली, कारण लगेच उघडली असती तर गार केसांवर पाणी धरलं असतं. मग पुन्हा एक आठवडा आत, अंडी वाचली असतील तर तीही मरावीत म्हणून. फ्रिजचा वरचा कप्पा यासाठी वापरू नका. थंडी हळूहळू वाढली तर किडे तिला सरावतात. सांबर शिंगांमुळे फ्रीजरमध्ये मावलं नाही, त्याचा भरवसा फक्त साफसफाई आणि नजर ठेवण्यावर.

दुसरी वस्तू हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम. साधा व्हॅक्यूम विषारी धूळ मागून खोलीत सोडतो, म्हणून इथे काटकसर करू नका. नळीच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा रबराने बांधते, खेच सगळ्यात कमी ठेवते, आणि मऊ ब्रशने केसांच्या दिशेने धूळ त्याकडे लोटते. नळी केसांना टेकवत नाही. डोळे काचेचे आहेत, ते बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने पुसले. पहिल्यांदा सांबराचे डोळे चमकले तेव्हा आईला भरून आलं.

आमच्याकडे दर दिवाळीला सांबरावरून खोबरेल तेलाचा हात फिरायचा आणि मागे डांबर गोळ्या ठेवल्या जायच्या. दोन्ही प्रेमापोटी, दोन्ही चूक. तेलाने मानेवरचे केस चिकटून धूळ पक्की बसली आहे, ती अजून पूर्ण निघालेली नाही. गोळ्यांचा वास आपल्याच फुप्फुसात जातो. दोन्ही बंद केलं.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते यंत्र: डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा ओढून टाकीत पाणी जमवणारं यंत्र, दिवसाला १२ लिटर क्षमतेचं. जूनमध्ये खोलीतला आर्द्रतामापक ८६ टक्के दाखवत होता. ६५च्या वर बुरशीला फावतं, आणि आर्द्रता सतत वरखाली झाली की कातडं ताणतं. सांबराचा डावा कान असाच तडकलाय. तो मी शिवणार नाही, ते जाणकाराचं काम. यंत्र दिवसातून दहा तास चालवलं तर खोली ५५च्या आसपास राहते. जुलैत रोज संध्याकाळी टाकी काठोकाठ भरायची. ते पाणी आम्ही फरशी पुसायला वापरतो.

तक्रारीही आहेत. रात्री आवाज जाणवतो. खोली एक-दोन अंशांनी गरम होते. वीज साधारण दिवसाला दोन युनिट, म्हणजे महिन्याला साठ. आणि दार उघडं राहिलं की सगळी मेहनत वाया. ऑगस्टमध्ये आम्ही तीन दिवस गावी गेलो, टाकी भरून यंत्र आपोआप बंद पडलं, आणि सांबराच्या हनुवटीखाली पांढुरकी बुरशी धरली. आधी खोली कोरडी केली, मग बुरशी सुकल्यावर व्हॅक्यूमने काढली. ओल्या बुरशीवर ब्रश फिरवला तर ती पसरते. आता निचऱ्याची नळी थेट मोरीत सोडली आहे.

शेकरूची जागाही बदलली. पूर्वी त्याच्यावर दुपारचं ऊन यायचं, पाठीवरचा तांबूस-काळा रंग एका बाजूने विटलाय आणि तो परत येत नाही. आता ते आतल्या भिंतीवर आहे, पडद्याआड.

दोघांच्या खाली चिकट सापळे ठेवलेत, दर पहिल्या रविवारी बघते आणि वहीत लिहिते. जुलैत चार अळ्या, सप्टेंबरात एक, दसऱ्यानंतर एकही नाही. नव्या वर्षात शेकरू पुन्हा एकदा फ्रीजरमध्ये जाईल, सापळा रिकामा असला तरी.