डीसॉल्व्ह: समीकरणं ते सोडवतं, रकाना आपण निवडायचा

साथ कशी पसरते हे सांगणारं एसआयआर मॉडेल म्हणजे तीन डिफरन्शियल समीकरणं: लागण होऊ शकणारे (एस), बाधित (आय) आणि साखळीतून बाहेर पडलेले (आर). ती सोडवायला आर या प्रोग्रामिंग भाषेतलं डीसॉल्व्ह हे मोफत पॅकेज खुशाल घ्यावं. ओडीई या फंक्शनला सुरुवातीची स्थिती, वेळांची यादी, समीकरणांचं फंक्शन आणि पॅरामीटर दिले की झालं. वेगळी पद्धत सांगितली नाही तर एलसोडा हा सोडवणारा प्रोग्राम चालतो. तो गणिताचा रागरंग पाहून आपणहून पद्धत बदलतो, वेळेची पायरीही लहानमोठी करतो.

पण फंक्शनमधून डेरिव्हेटिव्ह (बदलाचे दर) परत करताना क्रम सुरुवातीच्या स्थितीतलाच ठेवा. पॅकेज नावं जुळवत नाही, फक्त संख्या मोजतं. बाधित आणि बाहेर पडलेले यांची अदलाबदल झाली तरी इशारा येत नाही. बेरीजही स्थिर राहते, म्हणजे ती तपासूनही चूक सापडत नाही.

दुसरी खोच टॉलरन्सची, म्हणजे किती चूक चालवून घ्यायची त्या मर्यादेची. सापेक्ष (आरटॉल) आणि निरपेक्ष (एटॉल) असे दोन्ही टॉलरन्स मूळचे ०.०००००१ असतात. लोकसंख्या १ धरून बाधितांचं प्रमाण दहा लाखांत एक ठेवलं, तर चालवून घेतलेली चूक आणि खुद्द बाधित एकाच मापाचे होतात. एटॉल बराच खाली आणा, नाहीतर सरळ माणसांच्या संख्येत काम करा.

खरा घोळ होतो मॉडेल आकडेवारीशी जुळवताना. बाधितांचा रकाना म्हणजे त्या क्षणी आजारी असलेले. रोजचे नवे रुग्ण नव्हेत. रोजच्या नोंदींवर तोच रकाना बसवला की बीटा (लागण पसरण्याचा दर) आणि गॅमा (बाहेर पडण्याचा दर) दोन्ही बिघडतात. उपाय सोपा: एकूण लागणींचा चौथा कप्पा जोडा, त्याचा दर बीटा गुणिले एस गुणिले आय भागिले एन (एकूण लोकसंख्या), आणि निकालातून लागोपाठच्या दिवसांची वजाबाकी घ्या. हे मॉडेल मांडणाऱ्या कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ मध्ये मुंबईच्या १९०५-०६ च्या प्लेगचे साप्ताहिक मृत्यू घेतले, तेव्हा ते बाधितांशी नाही, बाहेर पडण्याच्या दराशी ताडले होते.

सरावाला १९७८ ची इंग्लंडमधल्या निवासी शाळेतली फ्लूची साथ घ्या. आरच्याच आउटब्रेक्स पॅकेजमध्ये तिची आकडेवारी तयार मिळते. तिथे रोज अंथरुणाला खिळलेल्यांची मोजणी आहे, म्हणून बाधितांचा रकाना थेट चालतो. सर्वांत चांगले जुळणारे पॅरामीटर शोधणाऱ्या ऑप्टिम या फंक्शनला पॅरामीटरचे लॉग द्या, नाहीतर शोधता शोधता ते ऋण होतात. एन ७६३ धरून बीटा १.६६ आणि गॅमा ०.४४ च्या आसपास येतो, म्हणजे आर-नॉट (सुरुवातीला एका बाधितापासून सरासरी किती जणांना लागण होते तो आकडा) सुमारे ३.८. रेघ बिंदूंवर देखणी बसते. मात्र याच आकड्यांनी जवळपास ९७ टक्के मुलांना लागण व्हायला हवी, आणि प्रत्यक्षात अंथरूण धरलेली मुलं होती ५१२. उरलेल्यांना लक्षणं नव्हती, की मॉडेल चुकतंय, हे रेघेवरून कळत नाही.

लसीकरणासारखे एकाच दिवसाचे धक्के डीसॉल्व्हच्या इव्हेंट्स या सोयीतून द्यावेत. समीकरणात अट लिहून देऊ नयेत.

दोन-चार रुग्णांची सुरुवात किंवा साथीचा शेवट अभ्यासायचा असेल तर मात्र डीसॉल्व्ह बाजूला ठेवा. इथे बाधित शून्यावर येतच नाहीत. एका माणसाच्या अब्जांश भागावरूनही पुढची लाट उठते. तिथे गिलेस्पी पद्धत हवी, जी एकेक लागण योगायोगाने घडवते आणि पूर्ण माणसं मोजते.