क्रोम सोडून फायरफॉक्स वापरताना

गुगलने २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांत क्रोममधील एक्स्टेन्शनची, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या पूरक साधनांची, जुनी व्यवस्था टप्प्याटप्प्याने बंद केली आणि तिच्याबरोबर ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे जाहिराती अडवणारे एक्स्टेन्शनही क्रोममध्ये चालेनासे झाले. मी ब्राउझर बदलला तो मुख्यतः याच कारणाने. जुन्या व्यवस्थेत पान उघडताना मजकूर किंवा जाहिरात मागवण्यासाठी बाहेर जाणारी प्रत्येक विनंती एक्स्टेन्शनला तपासता येत असे आणि ती जाऊ द्यायची की रोखायची, हे त्याच क्षणी ठरवता येत असे. नव्या व्यवस्थेत एक्स्टेन्शनने नियमांची यादी आधीच ब्राउझरच्या स्वाधीन करायची आणि पुढचे काम ब्राउझरने करायचे. सुरक्षितता आणि वेग ही गुगलने दिलेली कारणे पूर्णपणे निराधार नाहीत. मात्र ज्या कंपनीचे उत्पन्न प्रामुख्याने जाहिरातींवर चालते, तिनेच जाहिराती अडवण्याच्या साधनाची मर्यादा ठरवावी, हे मला मान्य नाही. फायरफॉक्सने नवी व्यवस्था स्वीकारतानाही विनंत्या रोखण्याची जुनी सोय कायम ठेवली आहे, त्यामुळे मूळ यूब्लॉक ओरिजिन तिथे पूर्ण क्षमतेने चालते.

स्थलांतराची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. फायरफॉक्स पहिल्यांदा सुरू केल्यावर तो क्रोममधील बुकमार्क आणि इतिहास आणण्याबद्दल स्वतःच विचारतो. पासवर्डच्या बाबतीत मात्र सावध राहावे. क्रोममधून पासवर्डची सीएसव्ही फाइल काढून ती फायरफॉक्समध्ये भरता येते, पण या फाइलमध्ये सर्व पासवर्ड साध्या मजकुरात, कुणालाही वाचता येतील असे असतात. त्यामुळे काम होताच ती फाइल डाउनलोड फोल्डरमधून आणि नंतर रिसायकल बिनमधूनही काढून टाकावी. त्यानंतर सेटिंग्जमध्ये जाऊन प्रायमरी पासवर्ड ठेवावा, म्हणजे घरात किंवा कार्यालयात दुसऱ्या कुणी तोच संगणक उघडला तरी साठवलेले पासवर्ड त्याच्या नजरेस पडत नाहीत. मोबाइल आणि संगणक जोडणाऱ्या सिंक सुविधेत माहिती आपल्याच उपकरणावर कूटबद्ध होऊन बाहेर जाते. याचा परिणाम असा, की खात्याचा पासवर्ड विसरून तो नव्याने ठेवला आणि रिकव्हरी की (माहिती परत मिळवण्याचा संकेतांक) जवळ नसली, तर सर्व्हरवर साठवलेली माहिती परत मिळत नाही. ही की सुरुवातीलाच तयार करून कागदावर लिहून ठेवावी.

रोजच्या वापरात मला सर्वांत मोलाची वाटलेली सोय म्हणजे फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचेच ‘मल्टी-अकाउंट कंटेनर्स’ हे एक्स्टेन्शन. कार्यालयाचे जीमेल खाते एका कंटेनरमध्ये, घरचे दुसऱ्यात आणि बँकेची कामे तिसऱ्यात, अशी विभागणी एकाच खिडकीत करता येते. प्रत्येक टॅबवर त्या त्या कंटेनरच्या रंगाची रेघ दिसते, त्यामुळे आपण कोणत्या खात्यातून पत्र पाठवत आहोत याचा गोंधळ होत नाही. एका कंटेनरमधील कुकी, म्हणजे संकेतस्थळे आपल्याला ओळखण्यासाठी ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदी, दुसऱ्याला दिसत नाहीत. याशिवाय २०२२ पासून संगणकावरील फायरफॉक्समध्ये प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी मुळातच वेगवेगळ्या ठेवल्या जातात, म्हणजे एका दुकानाच्या पानावर आपण काय पाहिले याचा माग कुकीच्या आधारे दुसऱ्या संकेतस्थळावर काढता येत नाही. गुगलने क्रोममध्ये तृतीय पक्षाच्या, म्हणजे उघडलेल्या संकेतस्थळाखेरीज इतरांच्या, कुकी बंद करण्याची घोषणा २०२० मध्ये केली होती. २०२४ मध्ये ती योजना मागे घेतली गेली.

मराठी वाचकाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये फॉन्टच्या प्रगत पर्यायात लिपी निवडता येते. तिथे देवनागरी निवडून तिच्यासाठी स्वतंत्र फॉन्ट आणि किमान आकार ठरवता येतो. इंग्रजी मजकूर आहे तसाच राहतो आणि जोडाक्षरे वाचण्यासाठी डोळे ताणावे लागत नाहीत. लिपीनिहाय फॉन्ट निवडण्याची अशी सोय क्रोमच्या सेटिंग्जमध्ये नाही. वयस्कर नातेवाइकांच्या संगणकावर मी हा बदल आवर्जून करून देतो. संपूर्ण ब्राउझरही मराठीत वापरता येतो. अँड्रॉइडवरील फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन बसत असल्यामुळे, दोन परिच्छेदांच्या मध्ये जाहिरात येऊन ओळ खाली सरकणे आणि कोपऱ्यात आपोआप व्हिडिओ सुरू होणे हा बातम्यांच्या पानांवरील त्रास बराच कमी होतो. आयफोनवर मात्र हा लाभ मिळत नाही, कारण तिथे फायरफॉक्सलाही अ‍ॅपलचेच वेबकिट इंजिन (पान पडद्यावर मांडणारा ब्राउझरचा गाभा) वापरावे लागते आणि एक्स्टेन्शन चालत नाहीत.

वेगासाठी कुणी बदल करणार असेल, तर मी तसा सल्ला देणार नाही. नेहमीच्या कामात मला दोन्हींत फारसा फरक जाणवला नाही.

इंजिनाचा मुद्दा माझ्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. एज, ब्रेव्ह, ऑपेरा आणि विवाल्डी हे सर्व ब्राउझर गुगलच्या पुढाकाराने चालणाऱ्या क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच पायावर, उभे आहेत. मायक्रोसॉफ्टनेही २०२० मध्ये एजसाठी स्वतःचे इंजिन सोडून तोच मार्ग धरला. मोठ्या ब्राउझरांपैकी गेको हे वेगळे इंजिन आज फायरफॉक्सच चालवतो. मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग गुगलला मुख्य शोधयंत्र म्हणून ठेवण्याच्या करारातून येतो, ही चिंतेची बाब आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मोझिलाने वापराच्या अटी जाहीर करताना माहिती न विकण्याच्या आश्वासनाची भाषा बदलली, तेव्हा वापरकर्ते नाराज झाले आणि संस्थेला अटींचे शब्द सुधारावे लागले. ती नाराजी मला रास्त वाटली. तरीही ब्राउझर बदलल्याचा मला पश्चात्ताप होत नाही.

उणिवा आहेत आणि त्या जाणवतात. काही सरकारी व बँकांच्या पानांवर क्रोम वापरण्याची सूचना येते. एका पोर्टलवर अर्ज शेवटच्या टप्प्यापर्यंत भरूनही ‘सबमिट’ बटण फायरफॉक्समध्ये प्रतिसाद देईना आणि तेच काम क्रोममध्ये लगेच झाले. गुगल डॉक्समधील बोलून टंकलेखन करण्याची सुविधा फायरफॉक्समध्ये चालत नाही. ज्यांचे मराठी लेखन प्रामुख्याने त्याच सुविधेवर होते, त्यांना या कामासाठी क्रोम किंवा ही सुविधा चालवणारा दुसरा ब्राउझर ठेवावाच लागेल. मीही क्रोम संगणकावरून काढलेला नाही, पण लिंक आपोआप उघडतात त्या फायरफॉक्समध्ये, आणि क्रोममध्ये आता एकही पासवर्ड साठवलेला नाही.