‘रेडी आयओएस अकाउंट’च्या नावाखाली माझे 1,47,500 गेले

ॲप डेव्हलपमेंटवर पोट भरायला निघालेल्यांनी हे वाचाच. त्या माणसाचं नाव टाकत नाही, तक्रार चालू आहे.

नोकरी गेल्यावर डोक्यात एकच घोळ होता, ॲप्स अँड्रॉइडसाठी करायची की आयओएस म्हणजे आयफोनसाठी. पुण्यातल्या त्या ‘कन्सल्टंट’ने नेमकं तेच हेरलं. “सर, अँड्रॉइडवाला सगळं फुकट मागतो, आयफोनवाला पैसे टाकतो.” यात खोटं काय होतं? पॅकेजमध्ये चालू डेव्हलपर अकाउंट (स्टोअरवर ॲप टाकायला लागतं ते), पाच तयार ॲप्स आणि महिन्याला 35,000 ‘फिक्स’. 1,25,000 अधिक 22,500 जीएसटी. आयफोनची ॲप्स बनवायचं सॉफ्टवेअर एक्सकोड विंडोजवर चालत नाही म्हणून सेकंडहँड मॅक मिनी घेतला, त्याचे 38,000 वेगळेच.

ॲपलचं अकाउंट वर्षाला 99 डॉलर आणि गूगल प्लेचं एकदाच 25 डॉलर, एवढं मलाही कळतं. मी पैसे ॲप्सचे मोजले होते, अकाउंटचे नव्हे. आणि फिक्स उत्पन्नाचं म्हणाल, तर घरी हप्ते थकलेले असताना कोणीही ऐकलं असतं.

पण त्या अकाउंटचं लॉगिन! सहा आकडी कोड मागितला आणि माझा फोन टेबलावर ढिम्म. कोपऱ्यातल्या पोराचा फोन वाजला, त्याने पार्ले-जी खात खात कोड वाचून दाखवला. “नंबर नंतर चेंज करू सर, प्रोसेस असते.” आत बँकेच्या पानावर खातं तिसऱ्याच कुणाचं. तिथेच उठून जायचं. कोड ज्याच्या फोनवर, अकाउंट त्याचं. आणि बिलावरचा जीएसटी नंबर पैसे देण्याआधी पोर्टलवर तपासा. माझ्या बिलावरची नोंदणी रद्द झालेली निघाली.

पाचही ॲप्स रिजेक्ट झाली. कारण ॲपलचा नियम 4.3, स्पॅम. एकच टेम्प्लेट, नुसते रंग बदललेले. ॲपलचं काही चुकलं नाही. मग अकाउंटच बंद झालं, आणि कन्सल्टंटचा फोनही.

पोलीस ठाण्यात म्हणाले, हे सायबरचं, तिकडे जा. सायबरवाले म्हणाले, तुम्ही स्वतः एनईएफटी केलंय, हे दिवाणी प्रकरण. परत ठाण्यात गेलो तर साहेब बंदोबस्तावर. अर्ज घेतला, पोच मागितली तर “विश्वास नाही का?” अहो, विश्वास ठेवूनच तर इथवर आलोय! एका हवालदाराने वर विचारलं, इंजिनिअर असून कसे फसलात? चोर सोडून मलाच प्रश्न.

फसलात तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा, उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात गेलेले असतात. ‘धंद्यासाठी घेतलंत, ग्राहक मंचात चालणार नाही’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. 2019च्या ग्राहक कायद्यात केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहकाचीच धरली आहे, आणि 5 लाखांपर्यंत फी नाही. मी तिथे अर्ज टाकलाय.

तोवर तोच माणूस नव्या नावाने ‘जुनं प्ले कन्सोल अकाउंट, टेस्टिंगची कटकट नाही’ म्हणून जाहिरात करतोय. प्लेवर ॲप आणायला नव्या वैयक्तिक खात्याला ॲप वापरून बघणारे 12 टेस्टर सलग 14 दिवस दाखवावे लागतात, त्याचीच ही कमाई. टेस्टर मित्रांतून गोळा करा, पण त्याला फोन करू नका.